पाच हजार एक्केचाळीस धागे

जागेश्वर पौनीकर चौथीत गणितात नापास झाले आणि शाळेला रामराम ठोकून वडिलांच्या हातमागावर जाऊन बसले. आज ते अडुसष्ट वर्षांचे आहेत. मी महापालिकेच्या शाळेत बत्तीस वर्षं गणित शिकवलं. लसावि आणि मसावि मी झोपेतही शिकवू शकतो, आणि खोटं कशाला बोलू, वर्गातली बरीच मुलं ते झोपेतच शिकली. तरीही पाच हजार चाळीस या संख्येत काय दडलंय, हे मला या नापास माणसानं सांगितलं. तेही निवृत्तीनंतर, म्हणजे ज्ञानाचा काही उपयोग उरला नसताना.

आमची गल्ली सक्करदऱ्याच्या तलावापासून चालत दहा मिनिटांवर आहे. तिला अजून विणकरांची गल्ली म्हणतात, पण विणकरांची पोरं आता मेट्रोत, बँकेत आणि कुरिअरच्या मोटरसायकलींवर आहेत. हातमाग उरला एकच, जागेश्वरभाऊंच्या पुढच्या खोलीत. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच महिन्यात मी घरच्यांना इतका नकोसा झालो की रोज सकाळी त्या खोलीत जाऊन बसू लागलो. आडवा धागा नेणाऱ्या धोट्याच्या खटखटीत कुणाला आपल्याशी बोलावं लागत नाही, ही मोठी सोय असते.

त्या खोलीच्या भिंतीवर कोळशानं आकड्यांच्या जोड्या लिहिलेल्या होत्या. ६० आणि ८४. ६३ आणि ८०. ७० आणि ७२. अशा खालपासून वरपर्यंत रांगा. मला वाटलं, सट्ट्याचे आकडे असतील. मास्तरकीची सवय, मी विचारूनही टाकलं.

"सट्टा नाही जी गुरुजी, माझा ताणा हाय," जागेश्वरभाऊ म्हणाले.

ताणा म्हणजे कापडाचे उभे धागे. त्यांच्या साडीचा पन्हा पन्नास इंचांचा, सूत बारीक, आणि ताण्यात धागे मोजून पाच हजार चाळीस. हा आकडा त्यांच्या वडिलांनी ठरवलेला. चौकड्यांची साडी विणायची तर सगळे धागे चौकटींमध्ये पुरते वाटले गेले पाहिजेत, नाहीतर शेवटची चौकट काठाशी येऊन तुटते आणि साडी नेसणारी बाई एका बाजूनं फाटकी दिसते. म्हणून असा आकडा हवा की गिऱ्हाईक कितीचीही चौकट मागो, तो भागला जावा.

"कोणी म्हणे सातची पट्टी पायजे, कोणी म्हणे नऊची, कोणी सोळाची. मले कोणाले नाही म्हणावं लागत नाही," ते म्हणाले. "अकरावाल्याले अन् तेरावाल्याले तेवढं दुसऱ्याच्या दारी पाठवतो."

मी घरी जाऊन वही काढली. एक गुणिले दोन गुणिले तीन करत सातपर्यंत गेलात की पाच हजार चाळीस येतात. आणि सातापासून दहापर्यंतचे चारच आकडे गुणले, तरीही पाच हजार चाळीसच. एकापासून दहापर्यंत प्रत्येक आकड्यानं ही संख्या भागली जाते. तिला भागणारे आकडे एकूण साठ आहेत आणि तिच्याहून लहान कुठल्याही संख्येला इतके नाहीत. तिच्या अलीकडची पाच हजार एकोणचाळीस मात्र इतकी हेकट की एक आणि ती स्वतः सोडून कुणालाच दाद देत नाही. बत्तीस वर्षं मी फळ्यावर बारा आणि अठराचे विभाजक काढत बसलो होतो, आणि ही श्रीमंत बाई चार घरं सोडून राहत होती.

भिंतीवर अठ्ठावन्नच विभाजक होते. राहिलेली जोडी मी शोधली, ४५ आणि ११२. दुसऱ्या दिवशी सांगितल्यावर जागेश्वरभाऊंनी मागावरून उतरून ती स्वतःच्या हातानं लिहिली आणि मला चहा पाजला. तेव्हापासून आमची दोस्ती.

आता त्या खोलीची गोष्ट. त्यांचा मुलगा वैभव कळमन्याच्या बाजारात टेम्पो चालवतो. सून प्रणालीनं ब्युटी पार्लरचा कोर्स केला आहे, सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर लावलं आहे, आणि पार्लरला रस्त्यावरची खोली लागते. रस्त्यावरच्या खोलीत माग आहे. त्या मागावर वर्षाला दोन साड्या निघतात, त्याही कुणी प्रदर्शनवाल्या बाई चिवटपणे पाठीस लागल्या तर. वैभव काही वाईट पोरगा नाही. त्यानं बापाला दसऱ्यापर्यंतची मुदत दिली होती आणि ती देताना त्याची मान खाली होती. जागेश्वरभाऊंना तोंडानं नाही म्हणता येईना आणि मनातून हो म्हणता येईना.

नेमके तेव्हा बाबाराव अवतरले. बाबारावांचा मांडव-बिछायतीचा धंदा आहे, स्वतःचं मंगल कार्यालय आहे, आणि आता त्यांना नगरसेवकाचं तिकीट हवं होतं. तिकिटासाठी समाजकार्य लागतं. समाजकार्यासाठी समिती लागते, आणि समितीसाठी एक असा सचिव लागतो ज्याचं अक्षर चांगलं आहे आणि ज्याला दुसरा उद्योग नाही. अशा रीतीनं मी वस्त्रगौरव उत्सव समितीचा सचिव झालो.

समितीनं ठरवलं की आपल्या भागातल्या हातमागाचा विक्रम करायचा. एका विणकरानं एका मागावर विणलेली, चौकड्यांची, अखंड एकशे एक फूट लांब साडी. शंभर नाही, एकशे एक. विणणार जागेश्वरभाऊ. नवरात्राच्या आधीच्या रविवारी मंगल कार्यालयात सोहळा, विक्रमवाल्या कंपनीचा निरीक्षक दिल्लीहून येणार.

"अन् विक्रम झाला का काका," बाबाराव जागेश्वरभाऊंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमच्या त्याच खोलीत हातमाग प्रशिक्षण केंद्र. दारावर बोर्ड मी लावून देतो. पोरं शिकाले येतीन. माग हलत नाही जागचा."

वैभव तिथंच उभा होता. तो म्हणाला, "बोर्ड लागला तर माझं काही म्हणणं नाही. पार्लर मागच्या खोलीत टाकू." प्रणालीचा चेहरा पडला. जागेश्वरभाऊंनी त्या दिवशी मला दोनदा चहा पाजला. बोर्ड लागेल की नाही, यावर आता त्या मागाचं जगणं टांगलेलं होतं, आणि बोर्ड बाबारावांच्या हातात होता.

पहिली सभा तर्री-पोह्यांसह सुरू झाली. जागेश्वरभाऊंनी सांगितलं, ताणा पाच हजार चाळीसचा. बाबारावांनी पोह्यांची प्लेट खाली ठेवली.

"शेवटी शून्य?" ते म्हणाले. "काका, आपण आहेराच्या पाकिटात कधी शंभर टाकतो का? एकशे एक टाकतो. पाकिटाले रुपया चिकटवूनच येते. अन् एवढ्या मोठ्या कामात शून्य?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. शून्यावर संपणारा आकडा म्हणजे संपलेला आकडा, त्याला एकचा टेकू द्यायलाच हवा, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. बाकी शंभराचं एकशे एक करताना त्या शंभराला कसं वाटत असेल, याचा विचार कुणी करत नाही.

सभेला हर्षित नावाचा अंकतज्ज्ञ मुद्दाम बोलावला होता. वय सव्वीस, हातात चार अंगठ्या, सक्करदऱ्याच्या चौकात वातानुकूलित ऑफिस. त्यानं मोबाइलवर बेरीज केली. पाच, शून्य, चार, शून्य, झाले नऊ.

"नऊ मतलब द एंड, अंकल," तो बाबारावांना म्हणाला. "नऊच्या आगे अंकच नाही. पण पाच हजार एक्केचाळीस घ्या. दहा येते, दहाचा एक. एक मतलब सूर्य. सूर्य मतलब राजयोग. तिकीट पक्कं समजा."

मला गणिताचा शिक्षक म्हणून विचारण्यात आलं. खरं तर मी म्हणायला हवं होतं की बाबांनो, साठ वाटेकऱ्यांना सुखानं वाटून घेता येणारी संख्या तुम्ही मोडताय. पण माझ्या प्लेटमध्ये दुसऱ्यांदा वाढलेले पोहे होते. मी कागदावर पाच हजार एक्केचाळीसला दोननं, तीननं, सातनं, अकरानं, असं करत एकोणीसपर्यंत भागून पाहिलं. कशानंच जाईना. पुढे जायचा कंटाळा आला. मी चष्मा काढून जाहीर केलं, "ही संख्या अविभाज्य आहे. हिला कुणी भागू शकत नाही."

बाबारावांना तो शब्द इतका आवडला की दोन दिवसांत चौकात बॅनर लागला. अविभाज्य संख्या, अविभाज्य समाज. खाली बाबारावांचा हात जोडलेला फोटो, आणि कोपऱ्यात टपालाच्या तिकिटाएवढा माग.

जागेश्वरभाऊ मात्र आजारी माणसासारखे दिसू लागले. ताणा तयार झाला होता. पाच हजार चाळीस धागे आपापल्या जागी, आणि एक जास्तीचा. हा एक धागा त्यांच्या जिवाला घोर लावून बसला. मागाच्या फणीत एकेका घरातून, म्हणजे फटीतून, दोन-दोन धागे ओवतात. हा एकटा कुठल्या घरात घालायचा? चौकटीत घालायचा तर कुठल्या चौकटीत? ती एक चौकट बाकीच्यांहून जाड होणार.

मी सल्ला दिला, "भाऊ, काठात दडपून टाका. पाच हजारांत एक धागा, कुणाला दिसतोय?"

"काठ म्हंजे काय कचऱ्याचा डबा हाय का गुरुजी?" ते इतक्या रागानं म्हणाले की मी दचकलो. "तुमच्या वर्गात एक पोरगा जास्त आला तर तुमी त्याले संडासात बसवता का?"

आमच्या शाळेत एका वर्षी खोल्या कमी पडल्या होत्या तेव्हा आम्ही काय केलं होतं, ते सांगण्यासारखं नाही.

दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी मी गेलो तर जागेश्वरभाऊ तो एकटा धागा बोटाला गुंडाळून भिंतीकडे बघत बसलेले. खाली जमिनीवर त्यांची बायको रुख्माबाई धाग्यांच्या जुड्या लावत होत्या. त्या घरात ताण्याचं काम लग्नापासून त्यांचंच. सासूनं शिकवलं तसं सत्तर धाग्यांची एक जुडी, अशा बहात्तर जुड्या. सत्तर बहात्तरे पाच हजार चाळीस, भिंतीवरचीच एक जोडी. रुख्माबाईंना पाढा येत नाही, पण जुडी एका धाग्यानं कमी असली तर हातात घेताच कळते.

"अवो, त्या धाग्याचं तोंड काहून पाहून राहिले दोन दिवसापासून?" त्यांनी विचारलं.

"एकटा हाय थो. कोठीच बसत नाही."

"एकटा हाय तर सोबत द्या त्याले."

असं म्हणून त्यांनी बहात्तरावी जुडी उचलली आणि तिची गाठ सोडली. सत्तर धागे मांडीवर मोकळे झाले. नवऱ्याच्या बोटावरचा तो एकटा धागा सोडवून त्यांनी त्यात टाकला. मग खुंटीवरच्या बाकीच्या जुड्यांपाशी जाऊन पंगतीत पोळी वाढावी तशा एकेक धागा वाढत निघाल्या. हिला एक. हिला एक. शेवटच्या जुडीपाशी पोचल्या तेव्हा त्यांच्या हातात शेवटचा धागा होता, आणि तो दिल्यावर काहीच नव्हतं.

मी विचारलं, "किती जुड्या झाल्या वहिनी?"

"बहात्तर होत्या, एक फोडली. एकाहत्तर झाल्या."

"आणि एकेकीत धागे किती?"

"सत्तर होते, एक घातला." त्यांनी माझ्याकडे जरा काळजीनं पाहिलं. "तुमी गणिताचे मास्तर होते ना जी?"

एकाहत्तर गुणिले एकाहत्तर. पाच हजार एक्केचाळीस. मी एकोणीसवर थकलो होतो तो आकडा एकाहत्तरचा वर्ग होता, चौकात लावलेला बॅनर धडधडीत खोटा होता, आणि ते खोटं माझ्या सहीचं होतं. मला शरम वाटली आणि शरमेपेक्षा जास्त आनंद झाला. खुर्चीतून उठून मी त्या बाईंना नमस्कार केला. त्यांना वाटलं मी निघालो, त्या म्हणाल्या, चहा घेऊन जा.

जागेश्वरभाऊ तर वेडेच झाले. एकाहत्तर पट्ट्या, प्रत्येकीत एकाहत्तर धागे, आडवेही एकाहत्तर, म्हणजे चौकट अगदी चौरस. एक पांढरी, एक निळी, अशा पट्ट्या घेतल्या तर पहिलीही पांढरी आणि शेवटचीही पांढरी. बहात्तरात ते कधी जमत नव्हतं, एका काठाला पांढरा येई आणि दुसऱ्याला निळा. आणि तो एकटा धागा बरोबर मधोमध आला, डावीकडे दोन हजार पाचशे वीस, उजवीकडे दोन हजार पाचशे वीस. त्याला फणीत एक अख्खं घर मिळालं. जागेश्वरभाऊंनी तो लाल रंगवला.

"बापानं मले पाच हजार चाळीस दिले," ते म्हणाले. "त्याच्याच शेजारी हे घर होतं, अन् मी पन्नास वर्षं दार नाही वाजवलं."

बॅनर काही मी काढायला लावला नाही. बाबारावांना सांगितलं असतं तर त्यांनी अविभाज्यच्या जागी दुसरा शब्द मागितला असता, आणि वर्गसंख्या समाज हे घोषणेला बरं दिसत नाही. हर्षितला मात्र साडीची बातमी लागली. त्यानं लगेच मोबाइलवर फिरवलं की आकडा आपणच सुचवला, आणि सात अधिक एक आठ, आठ म्हणजे शनी, म्हणजे सूर्य आणि शनी एकाच वस्त्रात. त्याच्या ऑफिसात त्या आठवड्यात रांग होती म्हणे.

साडी पंचवीस दिवसांत झाली. जागेश्वरभाऊ सकाळी सातला मागावर बसत आणि ऊन उतरेपर्यंत उठत नसत. मी आयुष्यात बरीच महाग कापडं लग्नाच्या मांडवात पाहिली आहेत, पण हे मी डोळ्यांसमोर वाढताना पाहिलं आणि हात लावायच्या आधी मी हात धुतले. वैभवसुद्धा संध्याकाळी टेम्पो लावून आला की दाराशी थांबे. एकदा त्यानं मला विचारलं, "बोर्ड केवढा राहीन गुरुजी? दाराच्या वर बसन ना?" त्यानं दाराची रुंदी मोजून ठेवली होती.

सोहळ्याच्या रविवारी मंगल कार्यालयात साडी भिंतीभर फिरवून टांगली होती. निरीक्षक आला. त्याच्याकडे भिंग होतं आणि टॅबलेट होता. पाच हजार धागे मोजायचे म्हणून तो आधीच घामाघूम झालेला. जागेश्वरभाऊंनी त्याला हिंदीत सांगितलं, साहेब, एका पट्टीतले धागे मोजा आणि मग पट्ट्या मोजा. त्यानं मोजले. एकाहत्तर. पट्ट्या मोजल्या. एकाहत्तर. मी गुणाकार करून दिला. तो खूश होऊन टॅबलेटवर भरायला लागला आणि थबकला. तिथं दोनच पर्याय होते, पाच हजारांपर्यंत आणि पाच हजारांहून अधिक. त्यानं दुसऱ्यावर बोट ठेवलं.

प्रमाणपत्र छापून आलं. पाच हजारांहून अधिक धाग्यांची, एकशे एक फूट लांब, अखंड साडी. ज्या एका धाग्यासाठी सभा झाली, ग्रह हलले, एका म्हाताऱ्याची दोन दिवसांची झोप गेली, तो अधिक या शब्दात कुठंतरी बसला होता. बाबारावांची काही तक्रार नव्हती, प्रमाणपत्रावर त्यांचं नाव मोठ्या अक्षरात होतं.

मग सत्कार. पत्रिकेत पाहुणे पाच होते. तिकिटाचा मोसम असल्यामुळे प्रत्यक्षात व्यासपीठावर चौदा आले. ज्याच्याकडे शाली आणायचं काम होतं, त्यानं नारळ आणले आणि शाली विसरला. चौदा मोठी माणसं खुर्च्यांवर बसलेली आणि त्यांच्या खांद्यांवर टाकायला काही नाही, हा प्रसंग आमच्याकडे घरात मयत झाल्याइतका गंभीर मानतात. बाबाराव दोन मिनिटं पडद्यामागे गेले आणि उजळलेल्या चेहऱ्यानं परत आले. त्यांच्या मागे बिछायतीचा माणूस होता, हातात कापड कापायची मोठी कात्री.

"मित्रहो," ते माइकवरून म्हणाले, "शाल तर सगळेच देतात. आज आपण आपल्या पाहुण्यांना विक्रमच पांघरणार आहोत."

टाळ्या पडल्या. मला आधी समजलंच नाही. साडी भिंतीवरून खाली येऊ लागली तेव्हा समजलं. प्रमाणपत्र हातात आलं होतं, आता साडी अखंड राहण्याची कुणाला गरज नव्हती. बाबाराव माझ्याकडे वळले आणि माइक तसाच धरून म्हणाले, "गुरुजी, एकशे एक भागिले चौदा?"

मला आज कुणी विचारलं की आयुष्यात सगळ्यात लाजिरवाणं काय केलं, तर मी ते सांगेन. मी ओरडायला हवं होतं. ती कात्री धरायला हवी होती. पण बत्तीस वर्षं कुणी भागाकार विचारला की माझं तोंड आपोआप उघडतं. मी म्हणालो, "सात. बाकी तीन."

सात-सात फुटांचे चौदा तुकडे झाले. कात्री चांगली धारदार होती. प्रत्येक पाहुण्याच्या खांद्यावर एकेक तुकडा पडला, फोटो झाले, नारळ झाले. पाहुण्यांपैकी एकानं घाम आला म्हणून तुकडा लगेच काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. जागेश्वरभाऊ आणि रुख्माबाई पहिल्या रांगेत बसले होते. त्यांच्याकडे बघायची माझी छाती झाली नाही. मग बाबारावांनी उरलेला तुकडा उंच धरला.

"आणि बाकी तीन आपल्या जागेश्वरकाकांना," ते म्हणाले. लोक हसले, त्यांना तो विनोद वाटला. जागेश्वरभाऊ व्यासपीठावर गेले, खांदा पुढे केला. तीन फुटांचा तुकडा खांद्यावर नीट बसेना, सारखा घसरत होता, म्हणून फोटो होईपर्यंत त्यांनी तो हातानं धरून ठेवला.

परतताना ऑटोत आम्ही तिघं होतो. रुख्माबाईंनी तो तुकडा मांडीवर पसरला आणि बोट फिरवत राहिल्या. कन्हान नदीचं पाणी येणारी जाड पाइपलाइन रस्त्याकडेला उकरून ठेवली होती, तिथं ऑटो अडकला तेव्हा त्या म्हणाल्या, "आडवा कापला मेल्यानं. एकाहत्तरच्या एकाहत्तर पट्ट्या हायेत." जागेश्वरभाऊंनी हं केलं.

बाबारावांना तिकीट मिळालं. प्रशिक्षण केंद्रही जाहीर झालं, पण रिंग रोडवरच्या त्यांच्याच नव्या इमारतीत, आणि शिकवायचं ठरलं कॉम्प्युटरवर डिझाइन. मी तीनदा बोर्डाची आठवण केली. पहिल्यांदा ते म्हणाले, लावून टाकू. दुसऱ्यांदा म्हणाले, आचारसंहिता संपू द्या. तिसऱ्यांदा त्यांच्या माणसानं विचारलं, कोणते गुरुजी?

वैभवनं दसऱ्यापर्यंत वाट पाहिली. दसरा झाल्यावर दिवाळीपर्यंतही पाहिली, बायकोची बोलणी खाऊन. त्यानंतरच्या सोमवारी मी नेहमीसारखा गेलो तर दारासमोर टेम्पो उभा होता. माग खोलून उमरेडला रुख्माबाईंच्या भाच्याकडे जाणार होता. भाचा काही विणत नाही, पण त्याचा गोठा रिकामा आहे. वैभव वाकून खिळे काढत होता आणि जागेश्वरभाऊ स्वतः हातात पाना घेऊन नट सोडवत होते, कुठला आधी सोडायचा ते पोराला सांगत. माग वाकडा पडून लाकूड फुटू नये एवढीच त्यांची काळजी दिसली.

मी दारातच उभा राहिलो. इतक्या दिवसांत जे बोललो नव्हतो ते बोलायचं ठरवून आलो होतो.

"भाऊ, त्या दिवशी माझं चुकलं," मी म्हणालो.

"नाही जी. हिसाब बरोबर होता तुमचा. चौदा सत्ते अठ्ठ्याण्णव, बाकी तीन. मी तठीच करून पाह्यला." त्यांनी पाना फिरवला, नट हातात आला, तो त्यांनी पुसून खिशात टाकला. आवाजात राग नव्हता, असता तर मला बरं वाटलं असतं. "फक्त पंधरानं भागाचं होतं, गुरुजी."

वैभवचा हात थांबला. तो बापाकडे बघत राहिला, मग त्यानं मान फिरवली. चौदा पाहुणे आणि एक विणकर, असं पंधरानं भागलं तर प्रत्येकी सहा येतात आणि अकरा उरतात, हे मला उभ्या उभ्या दिसलं. मी ते बोललो नाही. आतून रुख्माबाईंनी हाक मारून सांगितलं की मागाचा रूळ जड आहे, तिसरा माणूस लागेल. मी चप्पल बाहेर काढली आणि आत जाऊन रुळाचं एक टोक धरलं.